गावचा प्रश्न सभागृहात न्यायचा तर: प्रश्न लिहिण्यापासून मंत्र्यांचं उत्तर वाचण्यापर्यंत

अधिवेशन सुरू झालं की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक छोटा व्हिडिओ येतो. आमदार किंवा खासदार माइकसमोर उभे असतात, आपल्या तालुक्याचं नाव ऐकू येतं, खाली पन्नास अंगठे पडतात आणि विषय तिथेच संपतो. त्यावर मंत्र्यांनी नेमकं काय उत्तर दिलं, छापील कागदावर काय आलं, त्यात एखादी तारीख किंवा रक्कम होती का, हे शोधायला फारसं कुणी जात नाही. गावाच्या कामाचा ऐवज नेमका त्या कागदात असतो.

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, तालुक्याचे पत्रकार आणि पाणी, रस्ता, दवाखाना यांच्या मागे लागलेली तरुण मंडळी यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: गावच्या कामासाठी तारांकित (मंत्री तोंडी उत्तर देतात त्या) प्रश्नापेक्षा नीट लिहिलेला अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा) प्रश्न बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतो. टीव्हीवर तो दिसत नाही, म्हणून नेत्यांना त्यात रस कमी आणि आपल्यालाही.

आधी ठरवा: दिल्ली की मुंबई?

अर्धे प्रश्न इथेच वाया जातात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य, पोलीस, शेती, पाणी, ग्रामपंचायती हे राज्याचे विषय. रेल्वे, टपाल, दूरसंचार, राष्ट्रीय महामार्ग, बँका हे केंद्राचे. जिल्हा परिषदेच्या शाळेचं गळकं छप्पर लोकसभेत नेलं तर तो प्रश्न सचिवालयाच्या टेबलावरच मरतो. जी बाब प्रामुख्याने भारत सरकारच्या अखत्यारीतली नाही, ती लोकसभेत प्रश्न म्हणून स्वीकारलीच जात नाही.

गोंधळ होतो तो केंद्राच्या पैशातून राज्याने राबवायच्या योजनांचा. जलजीवन मिशन, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, घरकुलं, राष्ट्रीय आरोग्य अभियान ही सगळी त्यातलीच. इथे प्रश्नाचे दोन तुकडे करायचे. निधी किती आला, निकष काय, मुदत कोणती, केंद्राच्या तपासणीत काय आढळलं हे दिल्लीत विचारायचं. ठेका कुणाला दिला, काम का रखडलं, देयक का थकलं, जबाबदार अभियंता कोण हे मुंबई-नागपुरात. महाराष्ट्रासाठी जलजीवन मिशनमध्ये केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलतात. म्हणजे एकाच नळयोजनेवर दोन सभागृहांत, दोन मंत्र्यांकडून उत्तर घेता येतं. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की कधी कधी आकडेच जुळत नाहीत. तिथे बातमी असते आणि पाठपुराव्याचा धागाही.

कुणाकडे जायचं

आपल्या मतदारसंघाचा खासदार किंवा आमदार हा पहिला पर्याय, पण एकमेव नव्हे. मंत्री स्वतः प्रश्न विचारू शकत नाहीत. तुमचे खासदार केंद्रात राज्यमंत्री असतील तर त्यांच्या कार्यालयात प्रश्नाचा मसुदा देऊन काही होणार नाही. तिथे निवेदन द्या, प्रश्न दुसऱ्याकडे न्या. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात. विधानसभेत २८८, विधान परिषदेत ७८. राज्यसभेचा खासदार किंवा परिषदेचा शिक्षक-पदवीधर आमदार गावच्या राजकारणात फारसा अडकलेला नसतो, आणि कुठल्याही जिल्ह्याबद्दल विचारायला त्याला नियमाने आडकाठी नसते. समाजवादी खासदार मधु लिमये मूळ पुण्याचे, निवडून आले बिहारमधून, आणि प्रश्नोत्तराच्या तासाचा त्यांचा धाक मंत्र्यांना देशभरच्या विषयांवर होता.

भेटायला जाताना मोर्चा नेऊ नका. साहेब भेटले तर उत्तमच, पण प्रश्नाचं खरं काम स्वीय सहायकाच्या टेबलावर होतं. तो दिवसभर बदल्यांची, लग्नाची, दवाखान्याची पत्रं घेत असतो. 'भाऊ, कागद ठेवून जा, बघतो' असं तो म्हणेल. म्हणून तो कागद असा हवा की त्याला फक्त टाइप करून अपलोड करायचं उरलं पाहिजे. एक पान: वर विषय आणि खातं, मधे प्रश्नाचा तयार मसुदा, खाली दोन-तीन पुराव्यांची यादी आणि एका माणसाचा मोबाइल नंबर. लोकसभेत प्रश्नाची सूचना हिंदी किंवा इंग्रजीत जाते, तेव्हा मराठी मसुद्यासोबत हिंदी मसुदाही जोडा. गावच्या हिंदीच्या शिक्षकांचा तासभर वेळ मागितला की भागतं.

आणि पैसे? कुणी 'प्रश्न लावून देतो' म्हणून पैसे मागितले तर तिथून उठा. प्रश्नासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेने ११ खासदारांना घरी पाठवलं होतं.

तारांकित, अतारांकित आणि बाकीची आयुधं

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत लागतात, राज्यसभेत १५. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वाजता, राज्यसभेत २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून दुपारी १२ वाजता. तासाभरात प्रत्यक्ष चर्चेला मोजकेच येतात. उरलेल्यांची उत्तरं लेखी पटलावर ठेवली जातात. गोंधळात कामकाज तहकूब झालं तर तेवढेही नाही.

अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. लोकसभेत दिवसाला २३०, राज्यसभेत १६० पर्यंत. आलेल्या प्रश्नांची सोडत होते; तीत एका खासदाराच्या नावावर दिवसाला एकच तारांकित लागू शकतो, अतारांकितांना वाव जास्त. घोषणाबाजीने सभागृह बंद पडलं तरी लेखी उत्तर येतंच. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता, तेव्हासुद्धा अतारांकितांची उत्तरं येत राहिली. शिवाय लेखी उत्तराला परिशिष्ट असतं. जिल्हानिहाय तक्ते, वर्षनिहाय रकमा, योजनांची नावं त्यातच मिळतात. मंत्री उभं राहून तक्ता वाचत नाहीत.

तारांकित घ्यायचा तो धोरणावर, जिथे पुरवणी प्रश्नात मंत्र्यांकडून एखादं वाक्य काढून घ्यायचं आहे. त्यासाठी खासदाराला दोन पुरवणी प्रश्न आधीच लिहून द्या. नाही तर ते आयत्या वेळी 'मंत्री महोदय याकडे लक्ष देतील का' असं विचारतात आणि मंत्री 'जरूर देऊ' म्हणून खाली बसतात.

राज्यात या दोघांशिवाय लक्षवेधी सूचना हे आमदारांचं आवडतं आयुध. विषय ताजा आणि तातडीचा असेल (साथ, पूल वाहून जाणं, चारा-पाणी) तर लक्षवेधीच बरी, कारण मंत्र्यांना तिथे निवेदन करावं लागतं आणि अनेकदा चौकशीची किंवा बैठकीची घोषणा होते. औचित्याचा मुद्दा आणि दिल्लीतला शून्य प्रहर यांत विषय नुसता मांडला जातो, तिथल्या तिथे उत्तराची हमी नसते. व्हिडिओ मात्र बहुधा यांचेच असतात.

प्रश्न लिहायचा कसा

इथे घाई करू नका. महाराष्ट्रातल्या तारांकित प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे आणि त्या साच्यातच सुटकेची वाट आहे. 'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' या ओळीनंतर साधारण असं येतं:

(१) अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याने रुग्णांचे अतोनात हाल होत असून प्रशासनाचे अक्षम्य दुर्लक्ष होत असल्याचे दिनांक १२ जून रोजी निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, शासनाने याची चौकशी केली आहे काय;
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता खात्यातल्या कारकुनाच्या खुर्चीत बसून बघा. केंद्रात दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं आहेत, एक रिकामं, दुसऱ्यावर कंत्राटी डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतो. 'डॉक्टर नसल्याने' हे शब्दशः खरं नाही. 'अतोनात हाल' मोजता येत नाहीत. १२ जूनला नेमकी कुणी लेखी तक्रार केलेली नाही. मग उत्तर तयार होतं: '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' दोन ओळींत प्रकरण बंद, आणि नियमाने त्यात खोटंही काही नाही. पहिल्या कलमावर बाकीची तीन कलमं टांगलेली होती; पहिलं गेलं की सगळीच गेली.

तोच प्रश्न असा लिहा:

(१) अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका, औषधनिर्माण अधिकारी व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची मंजूर पदे किती, त्यांपैकी नियमित व कंत्राटी पद्धतीने भरलेली पदे प्रत्येकी किती व रिक्त पदे किती;
(२) प्रत्येक रिक्त पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे;
(३) भरलेल्या पदांवरील किती कर्मचारी प्रतिनियुक्तीने अन्यत्र काम करीत आहेत व कोणत्या आदेशान्वये;
(४) मागील तीन वर्षांत या केंद्रातील बाह्यरुग्ण व प्रसूती यांची वर्षनिहाय संख्या किती;
(५) रिक्त पदे कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येतील?

यात 'हे खरे आहे काय' कुठेच नाही. प्रत्येक कलम आपापल्या पायावर उभं आहे, एकाचं उत्तर टाळलं तरी चार उरतात. तिसरं कलम मुद्दाम घातलंय. कागदावर पद भरलेलं असतं, पगार निघत असतो आणि माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला असतो. हे फक्त प्रतिनियुक्तीबद्दल विचारल्यावरच बाहेर येतं. साचा पाळायलाच हवा असा सचिवालयाचा आग्रह असेल तर पहिलं कलम 'खरे आहे काय' चं ठेवा, पण त्यात पुराव्याने सिद्ध होणारी एकच गोष्ट घाला.

दिल्लीचे नियम आणखी काटेकोर. लोकसभेत प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, टोमणा, विशेषणं, आरोप नकोत. मंत्र्यांचं मत विचारता येत नाही, न्यायालयात चालू असलेल्या बाबीवर विचारता येत नाही. एक नियम आपल्यासाठी फार महत्त्वाचा: सहज उपलब्ध कागदपत्रांत किंवा नेहमीच्या संदर्भसाहित्यात मिळणारी माहिती विचारायची नाही. म्हणजे आधी योजनेचा डॅशबोर्ड (संकेतस्थळावरचा आकड्यांचा तक्ता) बघायचा, आणि त्यावर जे दिसत नाही तेच विचारायचं.

जलजीवन मिशनचं उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २०१९ ला योजना जाहीर झाली तेव्हा देशात ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. २०२४ पर्यंत सगळ्यांना नळ असं ठरलं. नंतर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवली. डॅशबोर्डवर तुमच्या गावात किती नळजोडण्या झाल्या ते दिसतं. पण जोडणी म्हणजे पाणी नव्हे. योजनेचं आश्वासन माणशी रोज ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचं, नियमित पाणी असं आहे. शिवाय 'हर घर जल' गावांचे दोन प्रकार असतात: खात्याने नोंदवलेली गावं आणि ग्रामसभेने ठराव करून प्रमाणित केलेली गावं. मधला फरक म्हणजे खात्याने 'झालं' म्हटलेली पण गावाने अजून मान्य न केलेली गावं. म्हणून प्रश्न साधारण असा:

(क) अमुक जिल्ह्यात 'हर घर जल' म्हणून नोंदवलेल्या आणि ग्रामसभेच्या ठरावाने प्रमाणित झालेल्या गावांची तालुकानिहाय संख्या;
(ख) नोंद होऊनही एक वर्षाहून अधिक काळ प्रमाणित न झालेल्या गावांची संख्या व त्याची कारणे;
(ग) मागील तीन वर्षांत व चालू वर्षी राज्याला दिलेला केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा व प्रत्यक्ष खर्च, वर्षनिहाय;
(घ) माणशी ५५ लिटर पाणी मिळते का याची तपासणी झालेल्या गावांची संख्या व निष्कर्ष.

एकाच गावाबद्दल विचारलेला प्रश्न दिल्लीत टिकणं अवघड. जिल्हा हे एकक धरा, गाव तक्त्यात येईल. विधानसभेत गावाचं नाव घेऊन विचारायला हरकत नाही.

रस्त्याच्या प्रश्नात आधी आपली वाडी निकषात बसते का ते तपासा. ग्रामसडक योजनेत एकक आहे वस्ती, महसुली गाव नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सपाटीवर ५०० आणि डोंगरी राज्यांत व अनुसूचित आदिवासी क्षेत्रांत २५० लोकसंख्येच्या, अजून रस्त्याने न जोडलेल्या वस्त्या धरल्या आहेत. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात एका गावाच्या दहा वाड्या असतात आणि लोकसंख्या गावाच्या नावावर असते, त्यामुळे वाडीचा आकडा ग्रामपंचायतीच्या दाखल्याने वेगळा दाखवावा लागतो. आणि जुना रस्ता उखडला असेल तर ठेकेदारावर ५ वर्षं देखभालीची जबाबदारी असते. काम पूर्ण झाल्याची तारीख फलकावरून टिपा आणि तिच्यासकट विचारा. मोबाइल टॉवरचं असंच. २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० संपर्कहीन गावांसाठी २६,३१६ कोटींचा ४जी प्रकल्प मंजूर केला. 'आमच्या गावात रेंज नाही' यापेक्षा 'अमुक जिल्ह्यातील किती गावे या यादीत आहेत, किती टॉवर कार्यान्वित झाले, उरलेले जागेअभावी की वीजजोडणीअभावी अडले' असं विचारलेलं बरं.

कधी द्यायचा

संसदेची तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. लोकसभेत प्रश्नाची सूचना उत्तराच्या दिवसाच्या किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक दिवस नेमलेला असतो. म्हणजे ग्रामविकासाचा प्रश्न रेल्वेच्या दिवशी लागत नाही. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की हा तक्ता संकेतस्थळावर येतो. तो उतरवून घ्या. एका दिवसासाठी आलेल्या सूचनांची सोडत होते, त्यामुळे एकच प्रश्न दोन खासदारांकडे आणि दोन वेगवेगळ्या दिवसांसाठी देण्यात शहाणपण आहे.

राज्यात अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. इथे सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी घेतल्या जातात. अधिवेशन सुरू झाल्यावर मसुदा घेऊन गेलात तर हाती राहते ती लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा. गोव्यात ४० सदस्यांचं सभागृह, अंतरं लहान, आमदार घरी भेटतो. तारांकित-अतारांकितची पद्धत तीच.

प्रश्न खाली कसा उतरतो

प्रश्न स्वीकारला गेला की कागद मंत्रालयातून आयुक्तालयाला, तिथून जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेला, मग गटविकास अधिकारी किंवा उपअभियंत्याला, आणि शेवटी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला. 'एलएक्यू (म्हणजे विधानसभेचा प्रश्न) आलाय, संध्याकाळपर्यंत माहिती द्या' असा फोन येतो, आणि तालुक्याच्या कार्यालयात त्या दिवशी दुसरं काम होत नाही. मंत्री विधानसभेत जे वाचतात त्याचा कच्चा माल हा असा, चार-पाच टेबलं ओलांडून, घाईत गेलेला असतो.

याचा उपयोग करून घ्या. प्रश्न लागल्याचं कळताच गटविकास अधिकाऱ्यांना सरपंचांच्या सहीचं एक पत्र द्या: या विषयाची वस्तुस्थिती अशी आहे, सोबत ग्रामसभेचा ठराव, फोटो, पाण्याच्या तपासणीचा अहवाल. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. आता खालून 'काम पूर्ण' असं लिहून पाठवणाऱ्याला त्याच तारखेचं तुमचं पत्र आपल्याच दप्तरात आहे हे माहीत असतं. प्रश्न नुसता लागल्यामुळेच, उत्तर यायच्या आधी, रखडलेलं काम हलल्याचं कधी कधी दिसतं ते या फोनामुळे.

उत्तर कुठे शोधायचं, कसं वाचायचं

लोकसभा आणि राज्यसभेची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी येतात. मंत्रालय, खासदाराचं नाव, तारीख किंवा शब्द घालून शोधता येतात. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. स्वतःचा प्रश्न द्यायच्या आधीही इथे शोधा. निम्म्या वेळा तुम्हाला हवा तो आकडा सोलापूरच्या नाही तर चंद्रपूरच्या खासदाराने आधीच मागून ठेवलेला असतो.

उत्तर हाती आलं की पेन घेऊन बसा. पहिलं काम: प्रश्नातली कलमं मोजा, मग उत्तरातली. '(क) ते (घ)' असं एकत्र लिहून योजनेची माहिती देणारे तीन परिच्छेद आले असतील, तर तुमचं एखादं कलम त्यात बुडवलेलं आहे. जलजीवनच्या बहुतेक उत्तरांची सुरुवात 'पाणी हा राज्याचा विषय आहे' आणि २०१९ पासूनचा इतिहास यांनी होते. ते सोडून थेट परिशिष्टाकडे जा.

मग क्रियापदं बघा. सरकारी मराठीत काम पुढे सरकण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: प्रस्तावित, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम प्रगतीत, पूर्ण. 'मंजुरी देण्यात आली आहे' एवढंच लिहिलं असेल तर ती कोणती मान्यता हे विचारायचं राहिलंय. 'कार्यारंभ आदेश दिनांक अमुक' असं असेल तर काम खरोखर ठेकेदाराच्या हातात गेलंय आणि मुदतीचं घड्याळ सुरू झालंय. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' म्हणजे या वर्षी नाही. 'नियमानुसार कार्यवाही सुरू आहे' म्हणजे काहीच सांगितलेलं नाही.

'अंशतः खरे आहे' दिसलं तर खूश व्हा. सरकारने काहीतरी कबूल केलंय. नेमकं किती, हे त्यापुढच्या ओळीत असतं. 'अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही' हे उत्तर रागाचं वाटतं, पण तेही कामाचं आहे: योजनेवर पैसे खर्च होतात आणि दिल्लीला हिशेबाची ही बाजू माहीत नाही, असं खुद्द मंत्र्यांनी लिहून दिलंय.

आणि सगळ्यात मोलाचं वाक्य: 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' लोक याला टाळाटाळ समजून कागद फेकून देतात. संसदेत हे वाक्य आश्वासन म्हणून नोंदवलं जातं. 'विचाराधीन आहे', 'तपासून पाहू' अशीही काही वाक्यं त्यात येतात. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि ते झालं का हे बघायला शासकीय आश्वासनांची समिती आहे. लोकसभेची अशी समिती १९५३ पासून काम करते. विधानमंडळातही आश्वासन समिती आहे, तिच्यापुढे सचिवांना साक्षीला बसावं लागतं. तीन महिने उलटले की आपल्या खासदार-आमदारामार्फत समितीला एक साधं पत्र: अमुक दिवशीचा अमुक क्रमांकाचा प्रश्न, अमुक आश्वासन, अद्याप पूर्तता नाही.

उत्तर चुकीचं निघालं तर

आरडाओरडा करण्याआधी चूक सिद्ध करा. 'शाळेला संरक्षक भिंत आहे' असं छापून आलं आणि ती नसेल तर तारखेसह फोटो, पंचनामा आणि ग्रामसभेचा ठराव. मग माहितीचा अधिकार. तालुका आणि जिल्हा कार्यालयाला १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा: 'विधानसभा प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरासाठी आपल्या कार्यालयाने वरिष्ठांना पाठवलेल्या माहितीची व सोबतच्या कागदपत्रांची प्रत द्यावी.' ३० दिवसांत उत्तर यायला हवं. खोटं कोणत्या टेबलावर शिरलं ते इथे कळतं. कधी गावातून बरोबर माहिती गेलेली असते आणि वर गोल केली जाते, कधी उलटं.

लोकसभेत मंत्र्यांचं उत्तर चुकीचं असल्याचं खासदाराला अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली लेखी दाखवून देता येतं, आणि मंत्र्यांकडून त्यावर खुलासा मागवला जातो. उत्तर अपुरं असेल आणि विषय मोठा असेल तर त्यातून निघालेल्या मुद्द्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. 'हक्कभंग आणू' ही धमकी मात्र सहसा पोकळ ठरते, कारण मंत्र्यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावं लागतं. प्रश्नातून मंत्र्यांची खुर्ची गेलीच नाही असं नाही. आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचं प्रकरण १९५७ मध्ये लोकसभेतल्या प्रश्नांतूनच उघडं पडत गेलं, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावं लागलं. पण आपल्याला नळाला पाणी हवंय, राजीनामा नकोय.

छापील उत्तर गावात आणा

उत्तराच्या दोन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख ठळक दिसेल अशी. दुसरी पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांपैकी एखादी फार लांब नसतेच. विषय असा लिहा: 'अमुक प्रश्नाला शासनाने दिलेल्या उत्तराचे वाचन व वस्तुस्थितीबाबत ठराव.' उत्तर मोठ्याने वाचायचं, प्रत्येक कलमापाशी थांबायचं, लोकांना विचारायचं. 'योजनेद्वारे दररोज पाणीपुरवठा सुरू आहे' या वाक्यावर बायका काय बोलतात ते ठरावात त्यांच्याच शब्दांत घ्या: कोणत्या आळीला पाणी येतं, दिवसाआड की चार दिवसांनी, किती वेळ.

तो ठराव कार्यवृत्तात नोंदवून, सह्यांसकट त्याची एक प्रत त्याच आमदार किंवा खासदाराला आणि एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. सोबत एक वही ठेवा: प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्र्यांनी दिलेला आकडा, मंत्र्यांनी दिलेली मुदत आणि शेवटचा रकाना रिकामा. मुदत संपली त्या आठवड्यात तो रकाना भरा, आणि पुढच्या अधिवेशनाच्या मसुद्यात पहिलं कलम म्हणून तीच मुदत घाला: 'दिनांक अमुकच्या उत्तरात नमूद केलेले काम अमुक दिनांकापर्यंत पूर्ण झाले आहे काय?'